अज्ञान (अल्पवयीन) धनी आणि त्यांचे पालक: मराठी दौलतींतील पालक-कारभार संपत कसा असे?

मोडीवाचक (धागालेखक)

शहाजीराजांच्या काळापासून कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या बालपणापर्यंत, बहुतेक प्रत्येक पिढीत कोणत्या ना कोणत्या मराठी गादीवर मूल बसलेले आणि त्याच्या नावाने दुसरेच कोणी कारभार पाहत असलेले दिसते. या विषयावरची आपली चर्चा बहुधा व्यक्तींवर येऊन थांबते. ताराबाई थोर होत्या की महत्त्वाकांक्षी, नाना फडणीस राज्यरक्षक होते की सत्तालोभी, अशा बाजू घेतल्या जातात आणि धागा तिथेच संपतो. माझा प्रश्न निराळा आहे. पालक-कारभाराची सुरुवात आपल्याकडे विधिपूर्वक होत असे, पण तो संपावा कसा आणि केव्हा, याचा काही शिरस्ता होता का? माझे उत्तर असे की तो नव्हता, आणि अठराव्या शतकातील पुष्कळशा अनर्थांचे मूळ या एका उणिवेत आहे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण बारभाईंचे, म्हणजे बाल पेशव्याच्या नावाने एकत्र येऊन कारभार हाती घेणाऱ्या मुत्सद्द्यांचे, असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांचे वय अठरा होते आणि पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळवली आणि ते मोहिमेवर निघाले. त्यांच्या पाठीमागे सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकमामा पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींनी कट उभा केला आणि जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना पार्वतीबाईंसह पुरंदरावर नेऊन ठेवले. या घटनेचे वेगळेपण पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पालक तयार होते, किल्ला तयार होता, फौज गोळा होत होती, खजिना ताब्यात होता. फक्त धनी अजून जन्माला यायचा होता. पुढचे काही महिने महाराष्ट्राचा कारभार न जन्मलेल्या मुलाच्या हक्कावर चालला. मुलगी झाली असती तर या मंडळींपुढे रघुनाथरावांची क्षमा मागण्यावाचून कोणता मार्ग उरला असता, हे सांगणे अवघड आहे. मार्च महिन्यात कासेगावच्या लढाईत त्रिंबकमामा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि त्यातच गेले, म्हणजे या डावाची किंमतही त्यांनी मूल जन्मण्याआधीच मोजली होती.

१८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, तेच सवाई माधवराव, आणि २८ मे रोजी, तो चाळीस दिवसांचा असताना, साताऱ्याहून आलेली वस्त्रे त्याला देण्यात आली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशवा हा कायद्याने छत्रपतींचा सेवक होता. साताऱ्याचे रामराजे स्वतः नामधारी झालेले होते. आणि त्यांच्या नावाने राज्य चालवणारा पेशवाही आता पाळण्यात होता. एका पालकत्वाच्या आत दुसरे पालकत्व बसलेले होते. तरीही वस्त्रांवाचून कोणाचे चालले नाही. रघुनाथरावांना दिलेली वस्त्रे फिरवून बालकाला देण्यासाठी पुन्हा साताऱ्याकडेच जावे लागले. आरंभाचा विधी इतका पक्का होता की सामर्थ्य असणाऱ्यालाही तो टाळता येत नव्हता.

शेवटाचे मात्र काहीच ठरलेले नव्हते. मुंज १७७९ मध्ये झाली, लग्न १७८३ मध्ये झाले, त्याच्या आदल्या वर्षी सालबाईच्या तहाने इंग्रजांशी चाललेले युद्ध मिटले. पण यांपैकी कोणताही प्रसंग पेशव्याच्या मुखत्यारीचा आरंभ मानला गेला नाही. कोणत्या वर्षी नानांनी दप्तर पुढे करून बाजूला व्हावे, हे कुठे लिहिलेले नव्हते, आणि तसे सांगण्याचा अधिकार असलेली जागाही राज्यात उरली नव्हती. दरम्यान कारभारी मंडळीच एकमेकांना दूर करत होती. १७७८ मध्ये मोरोबा फडणिसांनी कारभार बळकावला आणि काही महिन्यांतच ते कैदेत गेले. रघुनाथरावांशी संधान बांधल्याच्या संशयावरून सखारामबापू १७७९ मध्ये धरले गेले आणि १७८१ मध्ये रायगडावर वारले. गंगाबाई तर १७७७ मध्येच निवर्तल्या होत्या. अनेकांनी मिळून घेतलेली जबाबदारी अशा रीतीने एका माणसाच्या हाती आली.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. तो ज्वराच्या भ्रमातला अपघात होता की आत्मघात, यावर मतभेद आहेत आणि त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. नानांचा पहिला विचार असा होता की त्यांच्या लहानग्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यावा, म्हणजे पुन्हा एक मूल, पुन्हा एक दीर्घ अज्ञानकाळ आणि पुन्हा तोच कारभार. एकवीस वर्षांच्या पालकत्वानंतरही त्या व्यवस्थेला दुसरे काही सुचत नव्हते. नानांच्या कर्तृत्वाबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनी दौलत वाचवली, ती सात वर्षे इंग्रजांशी लढत वाचवली. परंतु दौलत वाचवणे आणि धनी घडवणे ही दोन कामे होती, आणि दुसरे काम कोणी आपले मानलेच नाही.

कोल्हापूर, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, बडोदे येथील इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांनी याच प्रश्नाच्या अंगाने लिहावे, अशी विनंती.

---

पर्वतीपायथा

आपला प्रश्न योग्य आहे, पण पेशवाईतच त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो वगळला तर नानांवर अन्याय होतो. थोरले माधवराव जुलै १७६१ मध्ये पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि त्यांचे पालक होते खुद्द रघुनाथराव. तो पालक-कारभार माधवरावांनी स्वतः संपवला. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला, पुतण्याची फौज चुलत्याच्या फौजेपुढे टिकत नाही असे दिसताच, ते रघुनाथरावांच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन झाले. घर फुटून शत्रूचे साधू नये म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने घेतलेला तो निर्णय मला पेशवाईतील सर्वांत प्रगल्भ निर्णयांपैकी एक वाटतो. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनला निजामाविरुद्ध त्यांनी पराक्रम केला आणि त्यानंतर कारभाराची सूत्रे आपोआप त्यांच्याकडे आली. रघुनाथरावांचे मन मात्र कधी निवले नाही. १७६८ मध्ये धोडपला लढाई झाली आणि काकांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की नाना आणि सखारामबापू या दोघांनीही हा सगळा प्रकार जवळून पाहिला होता. इतकेच नव्हे, तर माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवरून नारायणरावाला त्याच रघुनाथरावांच्या हाती सोपवले आणि वर्षाच्या आत काय झाले, हेही त्यांनी पाहिले. रक्ताचा पालक मुलाचा काळ ठरू शकतो, ही धास्ती बारभाईंच्या पाठीशी होती. मुलाला सतत नजरेखाली ठेवणे, त्याच्याभोवतीची माणसे पारखून नेमणे, त्याला येणारी पत्रे तपासणे, हे सगळे त्या धास्तीतून आले. तो जुलूम वाटतो खरा, पण नारायणरावाचा देह ज्यांनी पाहिला, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

---

मोडीवाचक

माधवरावांचा अपवाद महत्त्वाचाच आहे, परंतु त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. तिथेही शेवट कोणत्या शिरस्त्याने झाला नाही. एका असामान्य मुलाने रणांगणावर आपली लायकी सिद्ध केली म्हणून झाला. राक्षसभुवनला उलटा निकाल लागला असता तर रघुनाथरावांचे पालकत्व पंचविशीपर्यंतही चालले असते. सवाई माधवरावांना असे रणांगण मिळाले ते ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आणि तिथेही मोहिमेची सगळी सूत्रे नानांकडे होती.

पत्रांचा उल्लेख आपण केलात म्हणून सांगतो. खर्ड्यानंतर जुन्नरला कैदेत असलेला रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव आणि सवाई माधवराव यांच्यात गुप्त पत्रव्यवहार झाला. तो उघडकीस येताच पत्रे पोहोचवणारा बळवंतराव नागनाथ कैदेत गेला आणि पेशव्याला नानांचे कठोर बोलणे ऐकावे लागले. आपण नानांच्या बाजूने पाहिलेत तर हे पाऊल समजण्यासारखे आहे; तो बाजीराव पुढे कसा निघाला हे आपण जाणतोच. परंतु त्या तरुणाच्या बाजूने पाहावे. शिक्का त्याच्या नावाचा, फौज त्याच्या नावाने निजामाला हरवून आलेली, आणि नात्याने चुलता लागणाऱ्या माणसाला पत्र लिहिले म्हणून त्याला आपल्याच वाड्यात जाब द्यावा लागतो. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो गेला.

१७९२ मध्ये जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात सवाई माधवरावांचे जे चित्र काढले, तेही मी या दृष्टीने पुन्हा पाहिले. पेशवा अठरा वर्षांचा, दागिन्यांनी मढलेला आहे आणि त्याच चौकटीत नाना बसलेले आहेत. चित्रकाराने त्यात काही सुचवले असे मी म्हणत नाही. दरबार जसा दिसला तसा त्याने काढला असावा. त्याच वर्षी महादजी शिंदे पुण्यास आले आणि वकील-इ-मुतलकीच्या, म्हणजे बादशहाने पेशव्याला दिलेल्या प्रतिनिधीपदाच्या, सोहळ्याच्या वेळी पेशव्यापुढे नवे जोडे ठेवून आपण वंशपरंपरेने याच कामाचे सेवक आहोत, असे त्यांनी दाखवले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. महादजींचा हेतू काहीही असो, पुढच्या दीड वर्षात पेशव्याला त्यांच्या सहवासात मोकळेपणा वाटत असे, असे बखरी आणि पत्रे सांगतात. त्या मुलाला नानांखेरीज दुसरा वडीलधारा मिळाला, एवढा त्याचा अर्थ मी घेतो. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला महादजी वारले आणि ती वाट बंद झाली.

---

करवीरकर

कोल्हापूरच्या बाजूने लिहितो. ताराबाईंचे उदाहरण आपल्या प्रश्नाला अगदी नेमके लागू पडते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले तेव्हा ताराबाईंचा मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून होता आणि सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा हे किल्ले एकामागून एक वेढले जात होते. अशा वेळी मुलाला गादीवर बसवून या बाईने सात वर्षे राज्य लढते ठेवले. मराठी दौलतींतील सर्व पालक-कारभारांत, ऐन संकटात निभावलेला आणि शत्रूला थकवणारा असा दुसरा नाही, असे माझे मत आहे.

परंतु शेवट पाहा. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आले, त्यांना सातारा मिळाले आणि ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरची गादी उभी केली. १७१४ मध्ये ताराबाईंची सवत राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाई आणि शिवाजी या दोघांनाही पन्हाळ्यावर कैद केले. तेव्हा शिवाजी अठरा वर्षांचा होता. कायद्याने सज्ञान म्हणावा अशा वयात त्याची गादी गेली, कारण चौदा वर्षांत राजा म्हणून त्याची स्वतःची अशी काही ओळखच निर्माण झालेली नव्हती. आईचा पक्ष पडला तसा तोही पडला. कैदेतच १७२६ मध्ये तो वारला.

१७५० मधला प्रसंग याहून विलक्षण आहे. शाहू महाराजांच्या पश्चात ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजांना पुढे आणले. ते मूल नव्हते, चांगले वयात आलेले होते. तरीही ते पेशव्यांकडे झुकतात असे दिसताच, २४ नोव्हेंबर १७५० रोजी पंचाहत्तर वर्षांच्या ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले आणि पुढे जेजुरीला तो आपला नातू नव्हेच, अशी शपथ घेतली. औरंगजेबाशी झुंजलेल्या या स्त्रीबद्दल मनात अत्यंत आदर असूनही म्हणावे लागते की छत्रपतींची गादी कायमची नामधारी होण्यात या अटकेचा वाटा मोठा आहे. राजाला सज्ञान मानायचे नाही, हे एकदा आजीनेच ठरवल्यावर पेशव्यांना वेगळे काही करावे लागले नाही.

---

शिप्राकाठ

माळव्यातील तीन बायकांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली तर या चर्चेला उपयोग होईल.

पहिल्या अहिल्याबाई. त्यांना सर्रास पालक राज्यकर्त्यांत गणले जाते, पण तसे म्हणणे अपुरे आहे. १७६७ मध्ये मुलगा मालेराव वारल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि रघुनाथरावांना माळव्यात बोलावले. दिवाणांची योजना उघड होती: मूल गादीवर, बाई देवघरात आणि कारभार दिवाणांकडे. अहिल्याबाईंनी दत्तक घेण्यास नकार दिला आणि दौलत आपण स्वतः पाहू, असे सांगितले. थोरल्या माधवरावांनी त्यांची बाजू मान्य केली आणि तुकोजी होळकरांकडे फौजेचे काम आले. मुलाच्या नावाआड उभे राहायचेच नाही, हा त्यांचा निर्णय होता. पुढील अठ्ठावीस वर्षांच्या स्थैर्याचे बीज मला त्या नकारात दिसते, कारण अज्ञान धनी नसल्यामुळे त्याला पळवण्याची, फितवण्याची किंवा त्याच्या नावाने दुसरा पक्ष उभा करण्याची सोयच उरली नाही.

दुसऱ्या तुळसाबाई. यशवंतराव होळकर १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले आणि लहानग्या मल्हाररावाच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. पगार थकलेली फौज, पठाण सरदारांची अरेरावी आणि दारात इंग्रज, अशी अवस्था होती. त्या इंग्रजांशी बोलणे लावतील या संशयाने २० डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरजवळ फौजेतल्याच मंडळींनी शिप्रेच्या काठी त्यांचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली, होळकर हरले आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. अकरा वर्षांचा मल्हारराव त्या लढाईत हजर होता.

तिसऱ्या बायजाबाई शिंदे, कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. मार्च १८२७ मध्ये दौलतराव शिंदे गेले. बायजाबाईंनी भाऊबंदांतील मुकुटराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव जनकोजी ठेवले. बायजाबाई हिशेबाला पक्क्या होत्या, सावकारीत त्यांचा मोठा हात होता आणि काशीला ज्ञानवापीजवळ त्यांनी बांधलेला खांबांचा मंडप आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. वाद पेटला तो आपल्या प्रश्नावरच. दौलतरावांनी आपल्याला हयातभर कारभार सोपवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपण सज्ञान झालो, आता मुखत्यारी द्या, असे जनकोजीचे म्हणणे होते. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आले असताना दोघांनीही त्यांच्याकडे दाद मागितली आणि त्यांनी स्पष्ट निर्णय दिला नाही. शेवटी जुलै १८३३ मध्ये फौज जनकोजीच्या बाजूने उठली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले.

तिघींकडे पाहिले की स्त्रिया पालक म्हणून दुबळ्या ठरल्या, असे जे सरसकट लिहिले जाते ते किती उथळ आहे, हे कळते. बायजाबाईंचा कारभार कोणत्याही पुरुष कारभाऱ्याइतका कसलेला होता. पेच होता तो मुदतीचा.

---

मोडीवाचक

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. बायजाबाईंच्या प्रसंगात माय-लेक दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत, ही त्यातली शोकांतिका. पतीने तोंडी सोपवलेली हयातभराची मुखत्यारी आणि दत्तकाचा वारसाहक्क, या दोहोंत श्रेष्ठ कोण, हे सांगणारे न्यायासन ग्वाल्हेरात नव्हते. पूर्वी पुण्याकडे पाहता येत असे; अहिल्याबाईंच्या वेळी तसा निर्णय मिळाला, हे आपणच लिहिले आहे. १८१८ नंतर ती जागा इंग्रजांनी घेतली आणि आपल्याला सोयीचे होईल तेव्हाच ते न्यायाधीश होत.

ग्वाल्हेरची पुढची पायरी याला जोडून पाहावी. जनकोजी फेब्रुवारी १८४३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई स्वतः जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती आणि तिने दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे होते. पालकालाच पालक हवा, अशी ती स्थिती. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने मामासाहेब कदमांना कारभारी म्हणून मान्यता दिली, दरबाराने त्यांना काढून दादा खासगीवाल्यांना पुढे केले आणि या भांडणाचे पर्यवसान २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथील दोन लढायांत झाले. एकाच दिवशी दोन ठिकाणी ग्वाल्हेरची फौज हरली. जानेवारी १८४४ च्या तहाने राणीला तनखा देऊन दूर केले, कारभार मंडळाकडे दिला आणि महाराजांना अठरा वर्षे पूर्ण होताच अज्ञानकाळ संपेल, असे लिहिले गेले. म्हणजे मी ज्या शिरस्त्याची उणीव म्हणतो आहे, तो अखेर कागदावर आला, पण पराभवानंतर आणि परक्याच्या हाताने. हे मला फार लागते.

---

पेमगिरीचा वाटसरू

थोडे मागे जाऊन दोन गोष्टी नोंदवतो. १६३३ च्या सुमारास निजामशाही बुडाली असताना शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला मूर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि त्याला मांडीवर घेऊन स्वतः राज्य चालवले. १६३६ मध्ये माहुलीला शरणागती पत्करावी लागली तेव्हा ते मूल मोगलांच्या हवाली करण्यात आले. त्या मुलाचे पुढे काय झाले याची आठवणही आपला इतिहास फारशी ठेवत नाही.

त्याआधी विजापुरात १५८० मध्ये नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळी चांदबिबीच्या बरोबरीने कारभार पाहणारे सरदार एकामागून एक बदलले. त्यांपैकी किश्वरखानाने तर चांदबिबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत पाठवले होते. पुढे अहमदनगरला तान्ह्या बहादूरशहासाठी ती मोगलांशी लढली आणि १६०० मध्ये आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. मराठी दरबारांत जो न ठरलेला शेवट आपण पाहता, तो दख्खनच्या सुलतानशाह्यांतही तसाच होता, आणि आपल्या सरदारांचे शिक्षण त्याच दरबारांत झाले होते.

---

करवीरकर

मोडीवाचक यांनी ग्वाल्हेरच्या तहाबद्दल लिहिले, त्याला कोल्हापूरची पुस्ती जोडणे आवश्यक आहे, कारण अज्ञान राजाच्या नावाने परक्याने चालवलेल्या कारभाराची झळ सामान्य माणसाला कशी लागते ते इथे दिसते. १८३८ मध्ये बुवासाहेब महाराज वारल्यावर गादीवर लहान मुले होती. आधी राजघराण्यातील बायकांचा कारभार झाला आणि १८४३ मध्ये इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांनी वसुली वाढवण्याच्या हेतूने गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींना हात घातला. गडकरी म्हणजे पिढ्यानपिढ्या किल्ल्याची शिबंदी सांभाळणारी कुटुंबे. त्या जमिनी हेच त्यांचे वेतन आणि तोच त्यांचा मान. १८४४ मध्ये सामानगडाचे दरवाजे बंद झाले, मग पन्हाळा, विशाळगड असे किल्ले उठले, दाजी पंडित कैदेत पडले आणि कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर अडकवून ठेवला गेला. डिसेंबर १८४४ मध्ये तोफा लावून पन्हाळा घेतला गेला. पुढे पन्हाळा आणि विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली.

गडकऱ्यांचे भांडण महाराजांशी नव्हते, हे महत्त्वाचे आहे. महाराज लहान आहेत, त्यांना हे माहीत नाही आणि त्यांच्या नावाने आमचे वतन काढले जात आहे, अशी त्यांची धारणा होती. सज्ञान राजाकडे फिर्याद नेता येते. अज्ञान राजाच्या राज्यात फिर्याद ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच दारात न्यावी लागते.

---

सयाजीनगर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उदाहरणांनी चित्र थोडे बदलते. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केल्यावर आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. दिवाण सर टी. माधवराव यांनी सहा वर्षांत कर्जबाजारी संस्थानाची घडी बसवली. त्याच वेळी, ज्या मुलाचे खरे शिक्षण दत्तकानंतरच सुरू झाले, त्या सयाजीरावांना इलियट यांच्या हाताखाली शिकवले गेले आणि १८८१ मध्ये तर स्वतः दिवाणांनी राज्यकारभारावर त्यांना पद्धतशीर व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अधिकार सुपूर्त झाले आणि पुढच्याच वर्षी दिवाण पायउतार झाले. धागालेखकांनी धनी घडवण्याच्या ज्या कामाबद्दल लिहिले आहे, ते इथे कोणीतरी आपले मानले. पालकत्वातून उभा राहिलेला हा राजा पुढे सक्तीचे शिक्षण आणतो, हा योगायोग मी मानत नाही.

---

मोडीवाचक

बडोद्याचे उदाहरण माझ्या मते सर्वांत यशस्वी आहे आणि टी. माधवरावांच्या त्या व्याख्यानांना मी फार मोठे मानतो. तरी एक फरक नजरेआड करू नये. राजा लायक झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आता इंग्रज एजंटाकडे होता. तारीख ठरली, पण ती कलकत्त्याच्या मर्जीने.

कोल्हापुरात याच काळात दोन टोके दिसतात. चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये दत्तक आले. त्यांना वेड लागल्याचे सांगून इंग्रजांनी सत्ता कधी हाती येऊच दिली नाही, कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारे पालक, झाले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्या वीस वर्षांच्या राजाचा मृत्यू झाला. त्यांच्यावर वेडाचा शिक्का खरा होता की लादलेला, यावर त्या वेळी पुण्यात एवढे वादळ उठले की टिळक आणि आगरकर यांना या प्रकरणातल्या लेखनावरून १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. पालक-कारभाराचा प्रश्न मराठी वृत्तपत्रांनी जाहीरपणे मांडला आणि त्यासाठी शिक्षा भोगली, असा हा प्रसंग आहे.

त्याच जयसिंगरावांचा मुलगा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक जाऊन शाहू महाराज झाला. जन्मदाता पिताच दत्तक पुत्राचा रीजंट, अशी स्थिती दोन वर्षे होती, आणि मार्च १८८६ मध्ये तेही वारले. मुलगा राजकोटला आणि नंतर धारवाडला फ्रेझर यांच्याकडे शिकला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, अधिकार घेता झाला.

करवीरकर यांना एक विचारायचे आहे. १८८६ ते १८९४ या काळात कारभार पाहणाऱ्या कौन्सिलच्या नेमणुका एकाच वर्गातून होत राहिल्या आणि अधिकार येताच महाराजांनी पहिल्यांदा हात घातला तो नोकरवर्गाच्या रचनेलाच. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम त्याच वाटेवरचा. आपल्या अज्ञानकाळात आपल्याच नावाने कोण राज्य करत होते, हे त्यांनी राजकोटहून सुट्टीत आल्यावर आणि धारवाडला असताना पाहिले असणार. त्या आठ वर्षांच्या कौन्सिलचे दप्तर आपण वाचले असल्यास, नेमणुकांबद्दल तिथे काय दिसते ते सविस्तर लिहावे.